कल्चर रिपोर्टात सगळीकडे 'आर', फक्त कोलिस्टिनपुढे 'आय'. याचा अर्थ कोणी सांगेल का?

अमळनेरकर:
नमस्कार मंडळी. मी जिनिंगवर हिशेब बघतो. रकाने वाचणं हाच माझा धंदा, पण हा रकाना काही समजेना.

वडील (आम्ही नाना म्हणतो), वय ६८, जुनी शुगर. लघवीच्या इन्फेक्शनने बीपी पडलं म्हणून जळगावला आणलं. चार दिवस आयसीयू, मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक चाललं, माणूस उठून बसला, चहा मागितला. मग वॉर्डात आणलं. हाताची नस सापडेना म्हणून आयसीयूत मानेच्या शिरेत टाकलेली नळी काढली नाही. नवव्या दिवशी पुन्हा ताप. मी एक बघितलंय, त्या नळीतून सलाईन सुरू केलं की अर्ध्या तासात हुडहुडी भरते, दोन गोधड्या टाकल्या तरी पलंग हलतो. एरवी बरे असतात.

रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघतात ती तपासणी) क्लेबसिएला न्यूमोनी नावाचा जंतू आलाय. खाली वीस औषधं, मेरोपेनेमसकट सगळ्यांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही. कोलिस्टिनपुढे 'आय'. मोठे डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात, म्हणाले "रेझिस्टंट आहे, बघू". 'आय' म्हणजे अर्धवट लागू का? मुंबईला हलवू का?

केळीवाला_रावेर:
भाऊ, आमच्या काकांना असंच झालेलं. मेरोचा डोस डबल करायला सांगा, उतरतो ताप.

लॅबवाली_धुळे:
रावेरवाले दादा, कृपा करून असं सांगू नका. ज्याच्यापुढे 'आर' आहे त्याचा डोस घरच्यांनी ठरवायचा नसतो.

अमळनेरकर दादा, मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे, रोज हेच रिपोर्ट टाइप करते. आधी 'आय'चं सांगते, कारण यावरून फोन येतच असतात. अमेरिकेच्या सीएलएसआय नियमावलीत २०२० पासून कोलिस्टिनला 'एस' (औषध लागू) हा शेराच उरलेला नाही. 'आय' नाहीतर 'आर', बस. त्यामुळे तुमच्या रिपोर्टात याहून चांगलं अक्षर येऊच शकत नव्हतं. हां, ती तपासणी कागदी चकतीवर केली असेल तर भरवसा नाही, ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ द्रवात) केली का ते विचारा. आणि त्या वीसातला अँपिसिलिनचा 'आर' मोजूच नका, क्लेबसिएला जन्मतःच त्याला दाद देत नाही.

मेरोपेनेम फोडणारं एन्झाइम आपल्याकडे अनेकदा एनडीएम (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) असतं. २००८ साली स्वीडनमधल्या एका पेशंटमध्ये ते पहिल्यांदा ओळखलं, तो दिल्लीत उपचार घेऊन गेलेला, म्हणून नावात नवी दिल्ली आली. या एन्झाइमचा जीन एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातो, शेजारच्या पलंगावरचा जंतू वेगळ्या जातीचा असला तरी. एनडीएम असेल तर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम एकटं चालत नाही, सोबत अॅझट्रिओनाम जोडतात. महाग पडतं, पण डॉक्टरांना विचारा. कोलिस्टिन चालू केलं तर क्रिएटिनिन रोज बघायला हवं, मूत्रपिंडाला ते जड जातं.

पण मला तुमच्या रकान्यापेक्षा ती हुडहुडी महत्त्वाची वाटते. राउंडला डॉक्टरांना हेच वाक्य सांगा: "नळीतून सलाईन लावलं की थंडी वाजते." आणि कल्चरच्या बाटल्या कुठून भरल्या ते विचारा. एक मानेतल्या नळीतून आणि त्याच वेळी एक हातातून घेतली असेल, तर दोन्ही मशीनमध्ये किती वाजता पॉझिटिव्ह झाल्या ते लॅबमध्ये नोंदलेलं असतं. आमच्या मशीनमध्ये बाटलीच्या बुडाचा ठिपका पिवळा पडला की घंटी वाजते. नळीवाली बाटली हातावालीच्या दोन तास किंवा त्याहून आधी वाजली, तर जंतूचं घर नळीतच आहे. तसं असेल तर कितीही भारी औषध टाका, नळी राहिली तर ताप पुन्हा येणार. क्लेबसिएला प्लेटवर गुलाबी, बुळबुळीत वाढतो, कधी सुई लावून उचलला तर पाकासारखी तार निघते. असला चिकट प्रकार प्लॅस्टिकला आतून धरून बसला की औषध पोचत नाही.

रात्रपाळी_सिस्टर:
ताईंचं बरोबर. मी वॉर्डातलं सांगते. दादा, राग मानू नका, रात्री बाटली संपली की चाकी कोण बंद करतं?

अमळनेरकर:
मीच. एकदा तर जोड सुटला होता, तोही मीच बसवला. सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या, तीस पेशंट आणि त्या एकट्या.

सिस्टर:
वाटलंच. तुम्ही एकटे नाही, सगळेच करतात, आणि आम्हीही बघून न बघितल्यासारखं करतो. त्या जोडाला हात लावायच्या आधी हात धुवायचे आणि स्पिरिटच्या बोळ्याने तोंड पंधरा सेकंद घासायचं. पंधरा म्हणजे मनात पंधरा मोजून, नुसतं टेकवून नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शंभरावर आयसीयूंनी हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, मांडीत नळी टाळणं, टाकताना पूर्ण गाऊन-चादर, आणि गरज संपली की नळी काढणं, या पाचच गोष्टी नेटाने केल्या. २००६ साली ते छापून आलं, निदान निम्म्या आयसीयूंमध्ये तीन महिन्यांत नळीचं इन्फेक्शन शून्यावर आलेलं. आमच्याकडे पाचवी गोष्टच राहते. नस सापडत नाही हे कारण रोज लिहिलं जातं.

अमळनेरकर (चार दिवसांनी):
सांगितल्याप्रमाणे बोललो. लॅबमधून वेळा काढल्या: नळीवाली बाटली रात्री ११:१० ला, हातावाली पहाटे ४ ला. त्याच दुपारी नळी काढली, पायाला नस सापडली. कोलिस्टिन चालू आहे, क्रिएटिनिन १.२ वरून १.९ झालंय, म्हणून डोस बदलला. हुडहुडी बंद, ताप काल संध्याकाळी ९९. रिपीट कल्चरची बाटली आज सकाळी मशीनमध्ये गेली.

नाना आता भानावर आहेत, दिवसातून दहादा म्हणतात, "माले घर लई चाला" (मला घरी घेऊन चला). गावाकडून रोज सात-आठ जण भेटायला येतात आणि सगळे हात धरूनच बोलतात. त्यांना दारातच हात धुवा कसं सांगू, हे कोणाला जमलं असेल तर लिहा.