वहीतली खाडाखोड आणि आरशातलं अंग: तुमचे अनुभव सांगा

रंकाळाकाठची
काल भाचीच्या साखरपुड्याची साडी बघायला महाद्वार रोडला गेलतो. कुठलीही अंगावर टाकली की पोरगी फक्त दंड बघायची. काठ, रंग, पदर कायच नाही. "मावशी, हात जाड दिसतोय." मला माझी नववी आठवली. एक शब्द खोडला तरी अख्खं पान फाडून परत लिहायची मी. सगळ्यांना कौतुक. मग तीच नजर पोटावर, हनुवटीवर गेली. वहीचं पान फाडता येतं, अंगाचं काय करणार? जेवण सोडलं. मार्क चांगले होते, त्यामुळं घरात कुणाला संशय आला नाही. भाचीपण पहिल्या नंबरातली आहे, म्हणून जिवाला घोर लागलाय. कुणाचं झालंय असं?

गंगावेसकर
पोरांचंपण हेच की. तालमीत होतो तोवर वस्ताद डाव आणि दम बघायचे. जिममध्ये गेलो तर चारी बाजूला आरसे. रोज टेपनं दंड मोजायचा, जरा कमी भरला की दिवस खराब. दोस्त म्हणायचे लई भारी दिसतोयस भावा, पटायचंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, म्हणजे अंग भरलेलं असलं तरी आपण बारीकच आहे असं वाटत राहणं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे डॉक्टर वापरतात त्या मानसिक आजारांच्या पुस्तकात, नोंद आहे.

काकू_राजारामपुरी
साडी कुठली घेतली शेवटी? आम्हाला सुनेला घ्यायचीय. गुजरीत साज करायला टाकलाय.

रंकाळाकाठची
इरकल घेतली काकू. फोटो पाठवतो.

मनमोकळी
मी समुपदेशक आहे. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे, म्हणजे सगळं बिनचूकच हवं या हट्टाचे, तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि लोकांना मी बिनचूकच हवी असं वाटणं. पोरींच्या बोलण्यात मला तिसरा फार दिसतो. 'बारीक झालीस गं' या कौतुकानंच भीती बसते, परत जाड झाले तर? ताई, तिला 'तू जाड नाहीस' सांगून भागत नाही. जेवण टाळते का, आरशापुढनं हलते का ते बघा. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गंगावेसकर
नंबर सेव्ह केला. धाकट्यासाठी.

जास्वंद
लेकीनं भरतनाट्यम सोडलं. फोटोत एक मुद्रा चुकली नव्हती, तिला फक्त कंबर दिसली. तिसऱ्या प्रकाराचं पटलं. बाई कधी काही म्हणाल्या नाहीत, आमच्या घरातलीच माणसं बोलायची. भाकरी तव्यावर आहे, बाकीचं रात्री लिहिते.