विद्यार्थी परिषद: निवडून आलेली हवी की नेमलेलीच बरी?

अर्धविराम (धागाकर्ता)

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू झाला १ मार्च २०१७ ला. त्याआधी १९९४ च्या कायद्याने महाविद्यालयांतल्या निवडणुका बंद करून वर्गात पहिल्या आलेल्याला प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली होती. नव्या कायद्याच्या कलम ९९ ने निवडणुका परत आणल्या. कागदावर. २०१९ मध्ये घोषणा झाली, विधानसभा तोंडावर आली म्हणून ती पुढे ढकलली, मग कोविड आला. कोविड गेला तरी गाडी जिथल्या तिथे.

मला गुलाल आणि घोषणांची हौस नाही. मी बोलतोय ते खुर्च्यांबद्दल. याच कायद्याप्रमाणे महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव बसतात. अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव बसतात. वर्षाचं अंदाजपत्रक, विकास आराखडा, नवे अभ्यासक्रम हे सगळं त्या टेबलावर येतं. परिषदच निवडली नाही तर त्या खुर्च्यांवर कोण बसणार? एकतर कोणीच नाही, नाहीतर प्राचार्यांच्या मर्जीतला.

निवडणुका घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधी मतंही ऐकायची आहेत, पण "हल्लीची मुलं" या शब्दांनी सुरू होणारी नकोत.

खडू_फळा

हल्लीच्या मुलांबद्दल नाही, तेव्हाच्या मुलांबद्दल सांगतो. मी ऐंशीच्या दशकात शिकवायला लागलो. वर्गप्रतिनिधी मतदानाने निवडायचे आणि ते सगळे मिळून जीएस, म्हणजे परिषदेचा जनरल सेक्रेटरी, निवडायचे. मतदार मोजकेच, त्यामुळे मधल्या दिवसांत हे वर्गप्रतिनिधी (सीआर) "सहलीला" जायचे. कुणाच्या तरी फार्महाऊसवर, जेवणखाण फुकट. घरच्यांना पत्ता नाही. आई-वडील आमच्याकडे विचारायला यायचे, आम्ही काय सांगणार? मतदानाच्या सकाळी गाडी थेट फाटकाशी यायची, मुलं उतरायची, शिक्का मारायची.

१९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. २००६ मध्ये उज्जैनला विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून झालेल्या मारहाणीत एक प्राध्यापक गेले. ते माझ्यासारखेच शिकवणारे होते. १९९४ चा निर्णय कुणाच्या लहरीने झाला नव्हता. नेमणुकीची पद्धत नीरस आहे हे मान्य. पण नीरस म्हणजे वाईट नव्हे.

चहा_अर्धा

१८ व्या वर्षी खासदार निवडता येतो, २१ व्या वर्षी सरपंच होता येतं, पण वर्गाचा सीआर मात्र सर ठरवणार. छान आहे.

खडू_फळा

@चहा_अर्धा, मतदानाचं वय १९८९ मध्ये १८ झालं तेव्हापासून हे वाक्य ऐकतोय. खासदाराच्या निवडणुकीला आयोग असतो, पोलीस असतात, आचारसंहिता असते. आमच्याकडे दोन शिपाई आणि एक जिमखाना अध्यक्ष.

तारीख_पे

वकिली करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

सर, तुम्ही म्हणताय तसा आयोग नसला तरी नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचा अहवाल २००६ चा. त्याच सप्टेंबरात न्यायालयाने त्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. पदवीच्या उमेदवारासाठी वय १७ ते २२, हजेरी किमान ७५ टक्के, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टरला बंदी, गुन्ह्याची नोंद नको, राजकीय पक्षाचा पैसा नको, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत उरकायचं. सहलीला न्यायला वेळच उरत नाही.

या अहवालातलं एक कलम महाराष्ट्रात कुणी फारसं वाचलेलं दिसत नाही. वातावरण अगदीच बिघडलेलं असेल तर तात्पुरती नेमणूक चालेल, पण ती निव्वळ गुणांवर नको, आणि ५ वर्षांत सगळ्यांनी निवडणुकीकडे वळावं. २००६ अधिक ५ किती होतात ते मोजायला वर्गात पहिलं यावं लागत नाही. नेमणूक बरी म्हणणाऱ्यांनी समितीचा आधार घेऊ नये एवढंच.

सरळ_रेघ

वकीलसाहेब, नियम उत्तम आहेत. दिल्ली विद्यापीठात काय झालं ते पाहा. लिंगडोह तिथेही लागू आहे. २०२४ च्या सप्टेंबरात मतदान झालं, पण भिंती, बसथांबे, मेट्रोचे खांब पोस्टरांनी आणि रंगाने असे भरले होते की उच्च न्यायालयाने आधी सफाई करा, मग मतं मोजा असं सांगितलं. मतमोजणी झाली नोव्हेंबरच्या शेवटी. छापील पोस्टर नको आणि ५,००० रुपये? त्या पैशात गाड्यांच्या ताफ्याचं डिझेलही येणार नाही.

आपल्याकडे तर निवडणुका न होताच पक्ष आत आहेत. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधरांची निवडणूक घ्या. २०१८ मध्ये आणि परत २०२४ मध्ये, १० पैकी १० जागा एकाच पक्षाच्या युवा संघटनेला. कोणता पक्ष हा मुद्दा नाही, उद्या दुसरा असेल. मुद्दा हा की मतदार नोंदणीपासून सगळं संघटना करते. तेच आता एफवायच्या वर्गापर्यंत न्यायचं आहे का?

अर्धविराम

@सरळ_रेघ, पक्ष आधीच आत आहेत म्हणता, मग निवडणूक न घेऊन ते बाहेर राहिले का? आणि २०२४ ची ती निवडणूक दोनदा रोखली गेली, शेवटी उच्च न्यायालयाने घ्यायला लावली तेव्हा झाली, हेही लिहा की. निवडणुकीची भीती मुलांना असते की आणखी कुणाला?

माजी_टॉपर

मी १९९४ च्या पद्धतीतली. एसवायला वर्गात पहिली आले आणि त्याबद्दल सीआर झाले. मला कुणी विचारलं नाही, वर्गालाही नाही. सूचनाफलकावर नाव लागलं.

पुढे परिषदेची सचिव म्हणून मला एका बैठकीला बोलावलं. तास चालू असताना शिपाई चिठ्ठी घेऊन आला, "मॅडम, वर बोलावलंय." विषयपत्रिका खुर्चीत बसल्यावर हातात आली, तीही शेजारच्या सरांची अर्धी माझ्याकडे सरकवलेली. एक विषय होता "विद्यार्थी कल्याण निधीचा विनियोग". मी वाचून होईपर्यंत अध्यक्ष म्हणाले, "हे झालं." मग बिस्किटं आली. मग रजिस्टर आलं. मी सही केली, कारण सगळे करत होते. त्या निधीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही, आणि वर्गात कुणी विचारलंही नाही, कारण मी त्यांची नव्हतेच.

खडू_फळा सर, तुमची नीरस पद्धत ती हीच.

खडू_फळा

ताई, तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही. अशा बैठका मीही पाहिल्या आहेत, बिस्किटांसकट. पण मला सांगा, निवडून आलेला जीएस त्या खुर्चीत बसला असता तर त्याला विषयपत्रिका आदल्या आठवड्यात मिळाली असती का? तोही शेजाऱ्याच्या कागदात डोकावला असता. फरक एवढाच, की तो टेबलावर हात आपटून बाहेर आला असता आणि फाटकाशी घोषणा झाल्या असत्या. निधीचा हिशेब तेव्हाही मिळाला नसता.

माजी_टॉपर

घोषणा झाल्या असत्या तर निदान वर्गाला कळलं असतं की असा काही निधी आहे!

दोन_नंबर_लोकल

२०१७ आठवतंय का कुणाला? मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचा निर्णय त्याच उन्हाळ्यात घेतला, एकदम सगळ्या शाखांना. उत्तरपत्रिका १७ लाखांच्या वर. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, काहींचे परदेशातले हुकले. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून काढलं.

त्या वेळी नवा कायदा नुकताच आलेला, अधिसभेची निवडणूक व्हायची होती, म्हणजे प्रश्न विचारायच्या जागाच रिकाम्या होत्या. "आधी एका लहान शाखेत करून बघितलंय का?" हा प्रश्न विचारायला फार हुशारी लागत नाही, ज्याचा निकाल अडकणार आहे त्याला तो सगळ्यात आधी सुचतो. मी निवडणुकीच्या बाजूने आहे तो एवढ्यासाठी. क्रांतीबिंती काही नको.

सरळ_रेघ

हा मुद्दा पटला, पण त्यातून निवडणूक कशी निघते ते कळलं नाही. परीक्षेच्या निर्णयात विद्यार्थ्याचा आवाज हवा, मान्य. तो लॉटरीने निवडलेलाही देऊ शकतो. आणि आवाज कशात हवा, कशात नको, हेही बोला. पेपर कसा काढावा, कुणाला प्राध्यापक नेमावं, संशोधनाचे पैसे कुठे जावेत, यात तीन वर्षांनी निघून जाणाऱ्याने मत द्यायचं? जर्मनीत साठ-सत्तरच्या दशकात प्राध्यापक, सहायक आणि विद्यार्थी यांना बरोबरीच्या जागा द्यायला काही राज्यांनी सुरुवात केली, तेव्हा १९७३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की शिकवण्याच्या विषयांत निम्मी मतं प्राध्यापकांची हवीत आणि संशोधनात व नेमणुकांत त्याहून जास्त. वर विद्यार्थ्यांना बाहेर काढा असंही म्हटलं नाही. मला तेवढं मान्य आहे.

चहा_अर्धा

मध्ययुगात बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांना उशिरा आल्याबद्दल दंड करायचे. हे परत आणता आलं तर मी लगेच फॉर्म भरतो.

खडू_फळा

आणि प्राध्यापकांनी मग काय केलं तेही वाचा. शहराने पगार द्यायला सुरुवात केल्यावर विद्यार्थ्यांचा दंड गुंडाळला गेला. ज्याच्या हातात पगार त्याच्या हातात कारभार. तुमच्या परिषदेला हे लागू आहे.

पहिला_तास_बुडाला

मी सध्या शिकतेय, तालुक्याच्या ठिकाणी. इथे बहुतेक सगळे शिकलेले काका-काकू भांडताय म्हणून लिहिते. आमच्याकडे निवडणूक लागली तर कोण उभं राहील हे मला आत्ताच सांगता येईल. ज्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्टँडवर लागतो तो. कायद्यात परिषदेवर एक मुलगी आणि एक राखीव गटातला प्रतिनिधी आहे, तीही त्याच्याच पॅनलची असेल. मला दुपारी घरी जायची एसटी असते, तिची वेळ चुकली की पुढची संध्याकाळी. प्रचाराला थांबायला वेळ कुणाकडे आहे, हेही बघा ना.

तरी नेमणूक नको. नेमलेला मुलगा पण त्याच सरांचा लाडका असतो. मला फक्त बैठकीचं इतिवृत्त फलकावर लागलेलं हवंय.

तारीख_पे

इतिवृत्त मागायला माहिती अधिकार आहे, अनुदानित महाविद्यालयाला तो लागू होतो. १० रुपयांचा अर्ज.

पहिला_तास_बुडाला

सर, अर्जावर माझं नाव असतं. इंटर्नलचे मार्क पण तेच देतात.

अर्धविराम

@पहिला_तास_बुडाला, हे वाक्य मी धाग्यात वर लिहायला हवं होतं. एकटीने अर्ज करायचा की परिषदेने ठराव करायचा, यात फरक आहे तो हाच. फ्लेक्सवाल्याचीही एक सोय असते, पुढच्या वर्षी त्याच्या गटाला परत मतं लागतात. लाडक्याला फक्त सर लागतात.

अजून एक. अंतर्गत तक्रार समिती, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यावर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन विद्यार्थी हवेत, आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. म्हणजे निवडणूक टाळली तरी ही एक निवड टळत नाही. तुमच्या महाविद्यालयात ती कधी झाली, कुणी पाहिली आहे का?

पहिला_तास_बुडाला

आमच्या फलकावर समितीची नावं आहेत, काचेच्या आत. विद्यार्थी म्हणून जिचं नाव आहे ती ताई मागेच पास होऊन गेली, आता पुण्यात नोकरी करते.

खडू_फळा

हे मात्र चालणार नाही. प्राचार्यांना लेखी द्या, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. एकटीचं नाव नको.

चहा_अर्धा

सर, याला निवडणुकीचा पहिला टप्पा म्हणतात.