मदत हवी आहे: फोनवरच्या ऑर्डरवर डॉक्टरांची सही मिळत नाही

आमच्या खासगी रुग्णालयात रात्रपाळीला वॉर्डात डॉक्टर नसतात. परवा पहाटे अडीच वाजता दम लागलेल्या एका आजींसाठी डॉक्टरांनी फोनवरून लॅसिक्स (अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढणारे औषध) ४० मिलिग्रॅम शिरेतून द्यायला सांगितले. मी ऑर्डर परत वाचून दाखवली, केसपेपरवर वेळेसह लिहिली आणि मगच इंजेक्शन दिले, मात्र सहीची जागा आजही रिकामीच आहे. आजींना आराम पडला, याचे समाधान आहेच. परंतु माझी नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खालील आहे आणि काही बिघडले असते, तर केवळ माझ्याच हस्ताक्षरातील नोंद मला कितपत वाचवू शकली असती, ही काळजी सुटत नाही. आपल्याकडे अशा ऑर्डरवर किती तासांत सही घेतात, फोनवर दुसऱ्या सिस्टरने ऐकण्याचा लेखी नियम आहे का, आणि मेट्रनना (परिचारिकांच्या प्रमुखांना) अर्ज नेमका कसा लिहावा, हे अनुभवी सहकाऱ्यांनी कृपया सांगावे.