मदत हवी आहे: बचावकार्यात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मृतिफलकाचा मजकूर

सर्वांना सादर नमस्कार.

बेळगावजवळील सांबरा येथे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे आमच्या परिसरातील अनेक घरांचे त्या गणवेशाशी जुने नाते आहे. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात 25 जून 2013 रोजी उत्तराखंडमध्ये मृत्युमुखी पडलेल्या बचावपथकाचा स्मृतिफलक लावण्याचे आम्ही ठरविले आहे. महापुरात अडकलेल्यांसाठी केदारनाथला गेलेले हवाई दलाचे एमआय-17 व्ही5 हेलिकॉप्टर परतताना गौरीकुंडजवळ कोसळले आणि त्यातील वीसही जणांचा अंत झाला. त्यांत हवाई दलाचे 5, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे 9 आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे 6 जवान होते.

पेंटरने काळ्या पाटीवर वीस ओळी आखून ठेवल्या आहेत. फक्त वरची ओळ कोरी आहे, कारण शब्दावर आमचे एकमत होत नाही. ‘हुतात्मा’ म्हटले की आमच्या सीमाभागात प्रथम 17 जानेवारीचा हुतात्मा दिन आणि 1956 साली सीमाप्रश्नाच्या आंदोलकांवर झालेला गोळीबारच आठवतो. ‘वीरगती’ रणांगणाची वाटते. मला स्वतःला ‘कर्तव्य बजावताना प्राणार्पण’ हे शब्द साधे असूनही अधिक खरे वाटतात, परंतु ज्येष्ठ मंडळींना ते सरकारी पत्रासारखे वाटतात.

तरी जाणकारांनी योग्य शब्द सुचवावा. तिन्ही दलांची नावे एकत्र, पदाचा क्रम न लावता लिहिली तर चालतील का, हेही माजी सैनिकांनी कृपया सांगावे. खाली तोच मजकूर कन्नडमध्येही द्यायचा असल्याने, दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या कोणी तो तपासून दिल्यास आम्ही आभारी राहू.