शेतात तोफगोळा सापडला, गंज कसा काढू?

प्रश्न: किल्ल्याखालच्या शेतात मेटल डिटेक्टरवर १० सेंमी व्यासाचा लोखंडी गोळा लागला. खपल्या सुटताहेत. व्हिनेगरमध्ये बुडवू का?

उत्तर १: आधी छिद्र आहे का बघा. असेल तर आत स्फोटक दारू असू शकते. मग वजनावरून पोकळ की भरीव ते ताडायच्या भानगडीत न पडता ११२ ला फोन लावा. भरीव बिडाचा एवढा गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो.

उत्तर २: व्हिनेगर अजिबात नको, शाबूत लोखंडही खातं. खरा शत्रू आत मुरलेले क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार. त्यांनीच खपल्या सुटतात. संवर्धक (जुन्या वस्तू जतन करणारे तज्ज्ञ) सौम्य कॉस्टिक सोड्यात महिनोन्‌महिने, द्रावण बदलत ठेवतात. तोवर सिलिका जेलसह हवाबंद डबा.

उत्तर ३: १८७८ च्या निखात निधी कायद्याने १० रुपयांवरच्या पुरलेल्या वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. खोली, जागा नोंदवा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खणणं तर गुन्हाच.