गुरुवारचा गोंगाट की लेखी प्रश्न? स्कॉटलंडच्या सरकारला नक्की कसं धरायचं

क्लाईडकाठचा (धागाकर्ता)

ग्लासगोत राहून बरीच वर्षं झाली, त्यामुळे इथल्या राजकारणाचं व्यसन लागलंय. गुरुवारी दुपारी बाराला हॉलिरूडला, म्हणजे एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेत, फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांना, प्रश्न विचारतात, पाऊण तास चालतं, जेवायच्या सुट्टीत मी बहुतेक वेळा लावतोच. विरोधी नेता उठतो, एखाद्या म्हाताऱ्या पेशंटला इमर्जन्सीत किती तास ट्रॉलीवर ठेवलं ते सांगतो, फर्स्ट मिनिस्टर दिलगिरी व्यक्त करतात आणि लगेच निधी किती वाढवला, इंग्लंड आणि वेल्सपेक्षा आपण कसे बरे, लंडनहून पैसे कसे कमी आले हे सुरू. टाळ्या पडतात, पुढचा प्रश्न. पेशंटचं काय झालं ते कोणालाच कळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की यातून सरकार धरलं जात नाही. धरलं जातं ते लेखी प्रश्नांतून. कुठल्याही सदस्याने लेखी प्रश्न टाकला की एरवी दहा कामकाजी दिवसांत उत्तर यायला हवं, प्रत्येकाला नंबर असतो, उत्तर कायमचं नोंदीत राहतं आणि मंत्र्याच्या नावावर राहतं. इमर्जन्सीत 95 टक्के पेशंट चार तासांच्या आत बघून मोकळे किंवा दाखल झाले पाहिजेत हे इथलं जाहीर उद्दिष्ट आहे आणि देशपातळीवर ते कित्येक वर्षं गाठलेलं नाही. मग दर महिन्याला एकच प्रश्न टाका ना, अमुक दवाखान्यात किती टक्के, कमी असेल तर कारण काय, कधीपर्यंत होईल. आपल्याकडे विधानसभेत तारांकित प्रश्नाचा साचाच असतो, "हे खरे आहे काय, असल्यास काय कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत". मला तो साचा फार आवडतो, त्यात भाषणाला जागाच नसते. तो इथे आणला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सीताबर्डीकर

ठाम असहमत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या मी बरीच वर्षं केल्यात, तुम्हाला आवडलेल्या साच्याची उत्तरंही तुम्हाला माहीत असतीलच. "अंशतः खरे आहे." "प्रश्न उद्भवत नाही." "कार्यवाही सुरू आहे." हे उत्तर मंत्री लिहीत नाही, जिल्ह्यातून माहिती येते, मंत्रालयात कक्ष अधिकारी मसुदा करतो, वर सह्या होतात आणि मंत्री ते वाचून दाखवतो. मंत्री अडकतो तो उपप्रश्नाला! कोणीतरी आमदार उठून म्हणतो की साहेब, कालच मी त्या ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो, तिथे भूलतज्ज्ञच नाही, आणि कागदावर लिहून आणलेलं उत्तर तिथेच संपतं. तिथे एकतर "माहिती घेऊन पटलावर ठेवतो" नाहीतर आश्वासन, आणि सभागृहात दिलेलं आश्वासन पुढे आश्वासन समितीच्या दप्तरात जातं.

आणि एक विसरू नका. आपल्याकडे वर्षात तीन अधिवेशनं, त्यातलं नागपूरचं सगळ्यात छोटं, यादीत ढीगभर प्रश्न आणि तासाभरात तोंडी चर्चेला येतात मोजके. त्यातही गोंधळ झाला की प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो. तुमच्याकडे सरकारचा प्रमुख अधिवेशन चालू असताना दर आठवड्याला उभा राहतो, समोर विरोधक पूर्वसूचना न देता उपप्रश्न टाकतो. आम्हाला हे मिळालं तर आम्ही सोनं म्हणून घेऊ, आणि तुम्ही त्याला गोंगाट म्हणताय.

पेसलीची_सुनंदा

सीताबर्डीकर दादांशी सहमत, आणि लेखी प्रश्नाचा माझा अनुभव सांगते. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. 2011 च्या कायद्यात हमी आहे की उपचार ठरल्यापासून बारा आठवड्यांत ऑपरेशन सुरू व्हायला हवं, पण ती हमी मोडली तर कोर्टात जाऊन काही मागता येत नाही, म्हणजे हमी नावापुरतीच. आम्ही आमच्या सदस्याला लिहिलं. इथे प्रत्येक माणसाला आठ सदस्य असतात बरं का, एक मतदारसंघाचा आणि सात विभागाच्या यादीतले, कोणालाही लिहिता येतं. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी लगेच लेखी प्रश्न टाकला की आमच्या भागात गुडघ्यासाठी वर्षापेक्षा जास्त थांबलेले किती. मुदतीत उत्तर आलं, दोन ओळींचं: ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, संबंधित हेल्थ बोर्डाला विचारावं. झालं! आपापल्या भागातले सरकारी दवाखाने चालवणारी चौदा हेल्थ बोर्डं आहेत स्कॉटलंडात, मंत्र्याने हात झटकले की चेंडू त्यांच्या अंगणात. मग त्या बाईंच्या ऑफिसने माहिती अधिकारात बोर्डाकडून आकडे काढले, त्याला आणखी वीस कामकाजी दिवस.

क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलचं आठवा. 2015 मध्ये उघडलेलं ग्लासगोचं नवं कोरं हॉस्पिटल, पुढे तिथे पाण्याचा आणि इन्फेक्शनचा विषय निघाला. 2019 च्या नोव्हेंबरात विरोधी लेबर पक्षाचे सदस्य अनस सरवर यांनी आतल्या माणसाने दिलेली माहिती भर सभागृहात मांडली आणि मग बोर्डाला, मंत्र्यांना, सगळ्यांनाच बोलावं लागलं. तोच विषय लेखी टाकला असता तर "बोर्डाला विचारा" एवढंच आलं असतं असं माझं ठाम मत आहे.

क्लाईडकाठचा

सुनंदाताई, यजमानांचं ऑपरेशन लवकर होवो. पण तुमच्याच उदाहरणात मला माझा मुद्दा दिसतो. "माहिती ठेवत नाही" हे उत्तर मंत्र्याच्या नावाने नोंदीत आलं ना? पुढचा प्रश्न तिथूनच, का ठेवत नाही, कधीपासून ठेवणार. इथले सदस्य तो दुसरा प्रश्न विचारायचा कंटाळा करतात. एकदा विचारतात, पक्षाच्या प्रेस नोटपुरतं उत्तर मिळालं की पुढच्या विषयाकडे वळतात. सरवर यांच्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण तिथे ताकद त्या आतल्या माणसाच्या माहितीची होती. ती दर गुरुवारी कुठून आणायची?

ग्रीनॉकवाली

तुम्ही दोघं दोन टोकं धरून बसलात आणि मधलं सगळ्यात महत्त्वाचं राहिलं, कमिटी आणि ऑडिट. आमच्या शेजारच्या पोर्ट ग्लासगोतल्या दोन फेरीबोटींचं बघा, इथे राहणाऱ्या माणसाला तो विषय टाळताच येत नाही. 2015 मध्ये फर्ग्युसन यार्डला दोन बोटींचं कंत्राट, 97 मिलियन पाउंड, बोटी यायच्या होत्या 2018 मध्ये. 2017 च्या नोव्हेंबरात पहिल्या बोटीचं, ग्लेन सॅनॉक्सचं, जलावतरण केलं तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी, आणि तेव्हा बोटीला खऱ्या खिडक्या नव्हत्या, पत्र्यावर रंगवलेल्या होत्या! 2019 अखेर यार्ड सरकारी मालकीचं झालं आणि पहिली बोट प्रवासी घेऊन निघाली ती 2025 च्या जानेवारीत. मधल्या काळात ही बोट ज्या आरन बेटासाठी होती तिथल्या लोकांनी जुन्या बोटी बंद पडल्या म्हणून रद्द झालेल्या फेऱ्या, दुकानातली रिकामी शेल्फं आणि हुकलेल्या दवाखान्याच्या तारखा सोसल्या.

या सगळ्या वर्षांत फेरीवर गुरुवारी प्रश्न झाले, लेखी तर किती झाले असतील. पण गाठ सुटायला लागली कुठे? 2020 च्या डिसेंबरात संसदेच्या कमिटीने अहवाल देऊन सगळा व्यवहार कसा फसला ते लिहिलं. 2022 च्या मार्चमध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या ऑडिट स्कॉटलंडने सांगितलं की पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी नसताना मंत्र्यांनी कंत्राट का मंजूर केलं याची पुरेशी कागदपत्रंच नाहीत. मे महिन्यात सरकारला त्या मंजुरीबद्दलचा एक ईमेल सापडला. नोव्हेंबरात पब्लिक ऑडिट कमिटीपुढे खुद्द स्टर्जन यांना बसावं लागलं. तिथे टाळ्या नाहीत, एकच सदस्य एकाच मुद्द्यावर पाच-सहा प्रश्न सलग विचारतो आणि समोरच्याला भाषण करून वेळ मारून नेता येत नाही. मी ती बैठक पूर्ण पाहिली होती, गुरुवारच्या पाऊण तासात कधी कळलं नसतं ते तिथे कळलं.

सीताबर्डीकर

ताई, हे फार नेमकं सांगितलंत. आपली लोकलेखा समिती हेच करते, कॅगच्या अहवालावर सचिवांना बोलावून साक्ष घेते. फक्त तिथे खुर्चीत सचिव असतो. मुख्यमंत्र्याची साक्ष हे तर आमच्याकडे कोणाच्या मनातही येणार नाही.

कार्डिफचा_आनंद

वेल्समधून लिहितोय. आमच्या सेनेडमध्ये, म्हणजे वेल्सच्या संसदेत, हा प्रकार मंगळवारी दुपारी दीडला असतो. "बोर्डाला विचारा" यावर इथे एक उपाय होऊन गेलाय. उत्तर वेल्सचा बेट्सी कॅडवालाडर हेल्थ बोर्ड 2015 च्या जूनमध्ये स्पेशल मेजर्समध्ये टाकला, म्हणजे सरकारची थेट देखरेख, म्हणजे मंत्र्याला अंग काढून घ्यायला जागा नाही. साडेपाच वर्षं हे चाललं, 2020 च्या नोव्हेंबरात बाहेर काढला, आणि 2023 च्या फेब्रुवारीत परत आत! त्या सगळ्या काळात बेट्सीवर सतत प्रश्न होत राहिले, तोंडी झाले, लेखी झाले, कमिट्यांतही झाले. म्हणून मला तुम्हा सगळ्यांचंच म्हणणं अपुरं वाटतं. प्रश्न विचारून खाटा आणि नर्सेस वाढत नाहीत. मंत्र्याला खुर्ची जाईल अशी भीती वाटली तरच प्रश्नाला वजन येतं, आणि 1999 पासून पंचवीस वर्षांहून जास्त काळ एकच पक्ष, लेबर, सरकारात होता तेव्हा ती भीती आणायची होती कुठून?

बेलफास्टकर

आनंदराव, प्रश्नांचा उपयोग नाही असं म्हणण्याआधी आमच्याकडे बघा. स्टॉरमाँट, म्हणजे उत्तर आयर्लंडची विधानसभा आणि सरकार, 2017 च्या जानेवारीपासून तीन वर्षं बंद होतं, मग 2022 च्या फेब्रुवारीपासून परत दोन वर्षं. त्यातला बराचसा काळ खाती अधिकाऱ्यांनी चालवली, मोठे निर्णय अडकले आणि आमच्या दवाखान्यांच्या रांगा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स तिघांपेक्षा वाईट होत्या. माझ्या भागातल्या सदस्याला मी फोन केला तर तो म्हणाला की विचारू कोणाला, समोर मंत्रीच नाही. मला तो गुरुवारचा गोंगाट चालेल, अगदी रोज चालेल.

क्लाईडकाठचा

बेलफास्टकर, तुमचं वाचून गप्प झालो खरं सांगायचं तर. गोंगाट बंद करा असं मी म्हणत नाहीये, त्याच्यावर विसंबू नका एवढंच म्हणतोय. ग्रीनॉकताईंचं कमिटीचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण कमिटीला कागद लागतो आणि "मंत्र्यांनी अमुक तारखेला असं सांगितलं होतं" हा कागद लेखी उत्तरातूनच तयार होतो, यावरून मी हटणार नाही.

पेसलीची_सुनंदा

नका हटू, पण आमच्या दोन ओळींच्या कागदाचं कमिटीने काय करायचं तेवढं सांगा. मी उरलेल्या सात सदस्यांनाही पत्र लिहिलंय आणि त्यात एकच मागणी केली आहे, हा विषय गुरुवारी सभागृहात उभं राहून विचारा. दोघांची उत्तरं आली आहेत, एक जण तयार आहे.