शब्दचर्चा: मंडळीच्या निवेदनात ‘गैरवर्तन’ लिहावे का?

विचारणा

मंडळीतल्या (चर्चच्या स्थानिक समुदायातल्या) एखाद्या सेवकाविरुद्ध मुलाच्या लैंगिक शोषणाची तक्रार आली, तर उपासनेत वाचायच्या निवेदनाचा नमुना आम्ही आधीच तयार करून ठेवत आहोत. मसुदा असा आहे: ‘आपल्या एका सेवकाच्या कथित गैरवर्तनाबाबत काही गोष्टी कानावर आल्या असून कार्यकारिणी तपास करीत आहे. सर्वांनी प्रार्थना करावी व मंडळीची बदनामी टाळावी.’ ‘गैरवर्तन’ फार मोघम वाटते. पण ‘अत्याचार’ लिहिले तर चौकशीआधीच निकाल दिल्यासारखे होईल का?

प्रतिसाद

‘गैरवर्तन’ नकोच. सभेत आरडाओरड केली तरी गैरवर्तन, आणि मुलाचे शोषण केले तरी गैरवर्तन! ऐकणाऱ्याला यातले काय घडले ते कळत नाही, आणि ज्या आईवडिलांनी आपल्या मुलाला विचारायला हवे तेही निर्धास्त राहतात. ‘मुलाच्या लैंगिक शोषणाची तक्रार आली आहे’ असे लिहा. ‘तक्रार’ शब्दानेच निकाल लागलेला नाही हे स्पष्ट होते, त्यामुळे ‘शोषण’ म्हणायला घाबरण्याचे कारण उरत नाही.

गुन्हा कोणत्या सदरात मांडला, यावरून तो कोणाविरुद्ध घडला असे आपण मानतो ते दिसते. कॅथलिक चर्चच्या 1983च्या धर्मसंहितेत (चर्चच्या अंतर्गत कायद्यात) धर्मगुरूने अल्पवयीनाचे केलेले शोषण ‘विशेष कर्तव्यांचा भंग’ या सदरात होते. म्हणजे मोडले काय, तर धर्मगुरूचे व्रत. मूल त्या मांडणीत जवळजवळ दिसतच नव्हते. 2021मध्ये दंडविषयक भाग बदलला आणि हा गुन्हा ‘मानवी जीवन, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य’ यांविरुद्धच्या गुन्ह्यांत आला. इतका उशीर व्हायला नको होता. ‘अनैतिक संबंध’ हा शब्दप्रयोगही याच कारणासाठी पूर्ण वर्ज्य करा. मुलाशी ‘संबंध’ नसतो, मुलावर अत्याचार होतो.

‘कथित’बद्दल: तो कृतीला लावता येतो, तक्रारीला नाही. तक्रार खरोखरच आलेली असते. आणि ‘कथित पीडित’ तर कधीच लिहू नये. ते ऐकणाऱ्या मुलाला एवढेच कळते की आपल्यावर कोणी विश्वास ठेवलेला नाही.

प्रतिसाद

मला ‘तपास’ शब्द जास्त खटकला. तपास पोलिसांचा, चौकशी संस्थेची. कार्यकारिणीने तपास करायला घेतला की वडीलधारी माणसे मुलाला बोलावून तेच तेच विचारतात, आरोप असलेल्याला समोर बसवतात, ‘समेट’ घडवतात. मुलाला त्याचा त्रास होतोच, शिवाय पुढे पुराव्यावरही परिणाम होतो. मुलाने सांगितलेले शांतपणे ऐकावे, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि लगेच पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे. मंडळीची चौकशी त्यानंतर, आणि तीही आपल्या कारभारापुरती: कोणाला काय माहीत होते, कोणी दुर्लक्ष केले.

व्याकरणाचीही काळजी घ्या. ‘पीडिता’ किंवा ‘ती म्हणाली’ लिहिले की निम्मी ओळख उघड झाली. मराठीत क्रियापदही लिंग सांगून टाकते. ‘मूल’ हा नपुंसकलिंगी शब्द इथे फार उपयोगी आहे. वय आणि शब्बाथशाळेचा (मुलांच्या धर्मशिक्षणाचा) वर्ग तर नकोच. छोट्या मंडळीत तेवढ्यावरून घर ओळखू येते.

प्रतिसाद

‘बदनामी टाळावी’ हे वाक्य काढून टाका, अशी कळकळीची विनंती. डब्लिनच्या कॅथलिक धर्मप्रांताने मुलांच्या शोषणाच्या तक्रारी कशा हाताळल्या याबद्दल 2009मध्ये आलेल्या मर्फी अहवालाने हेच नोंदवले: गुप्तता, ‘स्कँडल’ टाळणे, चर्चची प्रतिष्ठा आणि मालमत्ता यांचीच चिंता वाहिली गेली. आता ‘स्कँडल’चे मूळ पाहा. ग्रीक ‘स्कॅन्डालोन’ म्हणजे सापळा, अडथळा. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) त्यासाठी ‘अडखळण’ आहे. मत्तयाच्या 18व्या अध्यायात लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे ती याच संदर्भात. तिथे चिंता लहानांची आहे. संस्थेच्या नावाची तिथे काहीच बूज नाही.

विचारणा करणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. सुधारित मसुदा: ‘आपल्या एका सेवकाविरुद्ध मुलाच्या लैंगिक शोषणाची तक्रार आली आहे. ती पोलिसांना कळवली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या सेवकाला सर्व जबाबदाऱ्यांतून दूर ठेवले आहे. कोणाला काही सांगायचे असल्यास थेट पोलिसांकडे किंवा मंडळीच्या बालसंरक्षण समितीकडे जावे. मूल कोण याचा शोध घेऊ नये. मूल व त्याचे कुटुंब यांच्यासाठी प्रार्थना करावी.’ शेवटी ‘क्षमेची भावना ठेवावी’ असे जोडावे, असा एका ज्येष्ठांचा आग्रह आहे.

प्रतिसाद

जोडू नका. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ठरवायचे; मंडळीने व्यासपीठावरून ती मागितली तर त्या मुलावर दडपण येते. आणि कोणी क्षमा केली, तरी त्या सेवकाला पुन्हा मुलांमध्ये काम द्यावे असा तिचा अर्थ होत नाही. मसुद्यात आणखी एक सुधारणा: ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ऐवजी ‘पोलिस तपास व मंडळीची चौकशी दोन्ही पूर्ण होईपर्यंत’ असे लिहा, आणि बालसंरक्षण समितीत मंडळीबाहेरची निदान एक व्यक्ती असू द्या.